सागाच्या ढलप्या

भवानीबाईंच्या घरात बुरशीला थारा नव्हता. म्हैसुरात विजयनगरच्या दुसऱ्या स्टेजमध्ये ते घर उभं राहून पंचवीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर पांढरा पापुद्रा धरला, पापडाला काळा ठिपका पडला, असं कुणी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात शेजारची नागरत्ना चिंचेचा गोळा घेऊन यायची, अव्वा, जरा वास बघा म्हणायची. भवानीबाई तो दोन बोटांत धरून हातभर लांब न्यायच्या आणि सांगायच्या की हा वास तुझ्या आळसाचा आहे, चिंचेला नाव ठेवू नकोस. शाळा त्यांची तिसरीतच सुटली होती. पण कुठल्या डब्याला कधी ऊन दाखवायचं, कुठल्या फडक्यात काय बांधायचं, हे सगळं पंचांगासारखं डोक्यात होतं.

तर अशा घरात सून बुरशी पेरायला निघाली.

वनजा बालवाडीत शिकवायची. ती बालवाडी बंद पडली, तेव्हा ती तीन दिवसांचं कसलंसं शिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, आत्याबाई, मागच्या खोलीत मी अळंबी लावणार. लाकडाच्या ढलप्या उकडायच्या, पिशवीत भरायच्या, त्यात अळंबीचं बी घालायचं आणि अंधारात टांगायचं. महिन्याभरात पिशवीला फुलं येतात. भवानीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नागरत्नाला कुंपणावरून सांगितलं की अळंबी म्हणा नाहीतर तुमच्या कन्नडात अणबे म्हणा, मी जन्मभर जी खरवडून टाकली ती आता माझी सून मांडीवर घेऊन वाढवणार आहे.

बोलल्या, पण अडवलं नाही. त्याला कारण होतं.

मुलगा संताजीराव ज्या कंपनीत होता तिचं बिऱ्हाड बेंगळूरला हलत होतं. तिकडे यायचं की म्हैसूरच्या लहान ऑफिसात खालच्या जागेवर राहायचं, हे त्याला विजयादशमीनंतर लगेच कळवायचं होतं. तिकडे जायचं म्हणजे हे घर भाड्याने द्यायचं आणि भवानीबाईंनी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात जाऊन बसायचं. वनजाला जायचं नव्हतं. एका रात्री जेवताना नवराबायकोचं ठरलं. दसऱ्यापर्यंत वनजाचा पहिला माल आला, आणि गोकुलमच्या त्या खाणावळीने, जिथे सकाळी योगाच्या वर्गात डोक्यावर उभी राहून आलेली परदेशी मंडळी दुपारी जेवतात, तिने तो घेतला, तर इथंच राहायचं. नाही आला तर सामान बांधायचं.

भवानीबाई तेव्हा सार वाढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. मला जायचं नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यांच्या सासरचे पुरुष महाराजांच्या घोडदळात होते, आणि त्या घरातल्या बायकांनी हुकूम सोडले होते, विनवण्या केल्या नव्हत्या. म्हटलं म्हणजे मागितलं, आणि मागितलं म्हणजे कुणीतरी नाही म्हणू शकतो. तेव्हा त्या संताजीच्या ताटात आणखी एक पळी सार ओतून आत गेल्या.

त्या दिवसापासून त्या बुरशीवर त्यांचाही भार होता. फक्त ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

लाकूड द्यायचं गुंडेरावने कबूल केलं होतं. त्याची लाकडाची वखार होती, आणि त्याचा बाप आणि भवानीबाईंचे यजमान अंबाजीराव घोडेस्वारांच्या एकाच पथकात होते, म्हणून तो त्यांना काकी म्हणायचा. आधी नमुन्याला म्हणून त्याने एक डबाभर ढलप्या पाठवल्या होत्या. वनजाने त्या उकडून एक चाचणीची पिशवी भरली होती आणि ती धुण्याच्या दगडाजवळच्या पडवीत टांगली होती. मग गौरीचा सण आला. वनजा बागिन, म्हणजे गौरीचं वाण, घ्यायला माहेरी सोसले गावाला निघाली, तीन दिवसांसाठी. मोठा माल उद्या येईल, तो भिजत घालून उकडायचं काम आत्याबाईंनीच घेतलं. दोनशे माणसांचा भात एका हंड्यात मोकळा उतरवलेली बाई मी, म्हणाल्या, तुझ्या ढलप्या काय मला जड आहेत. वनजा हसली आणि बसला गेली.

दुसऱ्या दिवशी गुंडेराव तीन पोती घेऊन आला. पोती उतरवता उतरवता सहज बोलून गेला की काकी, एकसारखा माल आहे, सगळा आंब्याचा.

भवानीबाईंचा हात पोत्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

घर बांधलं त्या वर्षी अंबाजीरावांनी मागे आंबा लावला होता. रसपुरी जातीचा. आठ वर्षांमागे ते गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे सरणाचं पहिलं लाकूड घरच्याच आंब्याचं, म्हणून सकाळी दहाला जातीतले चार जण कुऱ्हाड घेऊन मागे गेले. भवानीबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. घाव ऐकू येत होते. झाड अर्धं राहिलं, दोन वर्षांत वाळलं, मग पाडावं लागलं. त्याचा बुंधा अजून धुण्याच्या दगडामागे आडवा पडलेला होता. तो त्यांनी कुणाला नेऊ दिला नव्हता आणि त्याच्यावर कधी बसल्याही नव्हत्या. दर पावसात त्यावर करड्या छत्र्या उगवायच्या आणि दर पावसात त्या खुरपं घेऊन तो घासून स्वच्छ करायच्या. त्यानंतर त्या घरात आंब्याच्या लाकडाचा पाटसुद्धा आला नाही. होमाला आंब्याच्याच समिधा लागतात असं भटजी म्हणाले, तेव्हा भवानीबाईंनी सांगितलं की तुमच्या घरी तुम्ही काय जाळता ते मी विचारायला येत नाही.

आता तेच लाकूड आपल्या चुलीवर, आपल्या हंड्यात, देवघराला लागून असलेल्या अंगणात उकळायचं.

त्यांनी गुंडेरावला पोती परत गाडीत घालायला लावली. आंबा नको, साग आण म्हणाल्या. गुंडेराव गोंधळला. वनजाबाईंनी तर आंबाच सांगितला होता म्हणाला, अणब्याला साग कसा चालेल ते मला माहीत नाही म्हणाला. भवानीबाई म्हणाल्या, राजवाड्याच्या दारांना जे लाकूड चाललं ते तुझ्या अणब्याला चालत नाही होय? वनजाला मी सांगेन, तू गाडी वळव. संध्याकाळी सागाच्या दारांच्या कामातून निघालेल्या तीन पोती ढलप्या आल्या, सोनेरी, सुवासिक, जुन्या पेटीचं झाकण उघडल्यासारख्या. त्यांत हात घालून भवानीबाईंना समाधान वाटलं. घरातली सून पहिल्यांदा काही करते आहे तर ते हलक्या लाकडावर का व्हावं? माल आला की सांगू, सागावर आलाय म्हणून.

रात्रभर ढलप्या भिजल्या. दिवसभर हंडा चुलीवर होता. पाणी कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काळं झालं. वनजा आली तेव्हा सगळं निथळून, गार होऊन, धुतलेल्या धोतराखाली झाकून ठेवलेलं होतं. तिने धोतर बाजूला केलं आणि विचारलं की रंग एवढा गडद कसा आलाय.

"दिवसभर उकळलंय. उकडल्यावर काय गोरं राहणार?" भवानीबाई म्हणाल्या.

वनजाने आठ पिशव्या भरल्या. एक थर ढलप्या, एक थर बी. बी म्हणजे उकडलेली ज्वारी, तिच्या दाण्यादाण्यावर पांढरी लव. भवानीबाईंना खोलीत यायला बंदी होती, हात स्पिरिटने पुसल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की या घरात सून आणली तेव्हा मी तिला उंबऱ्याबाहेर थांबवून ओवाळलं होतं, आता ती फेड करते आहे.

पडवीतली चाचणीची पिशवी पंधरा दिवसांत पांढरी झाली. आत दह्याची साय धरावी तशी. भवानीबाई येता जाता तिच्याकडे बघायच्या. ती आंब्याची, हे आता त्यांना ठाऊक होतं. फेकून द्यावी असं एकदा वाटलं, पण वनजा रोज सकाळी पहिलं तिलाच बघायला जायची, म्हणून राहू दिली.

खोलीतल्या आठ पिशव्यांत मात्र काही होईना. ज्वारीचे दाणे जिथे होते तिथे बसून राहिले, लव आखडली. बाराव्या दिवशी एका पिशवीत हिरवी भुकटी दिसली, सोळाव्या दिवशी चार पिशव्यांत.

वनजाने खोली पुन्हा धुतली. ती हात धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. बोटांची साल निघाली. जेवताना तिने संताजीला सांगितलं की मला हे जमणारं नाही, तू कंपनीला होय म्हणून कळव. संताजी म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबू. पण त्याचा आवाज थांबणाऱ्याचा नव्हता, घर कुणाला भाड्याने द्यायचं ते ठरवणाऱ्याचा होता. भवानीबाईंना दोन्ही आवाजांतला फरक कळायचा.

साग जड लाकूड, त्याला वेळ लागत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रोज सांगितलं. मग एक दिवस दुपारी वनजा त्यांच्याजवळ येऊन बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि हळूच म्हणाली,

"आत्याबाई, मी अडचणीच्या दिवसांत खोलीत गेले. म्हणून झालं असेल का हे?"

लग्न होऊन आली तेव्हा याच सुनेने सासूला सांगितलं होतं की असलं काही मी पाळणार नाही. त्यावरून दोन वर्षं घरात धुसफूस चालली होती. दहा वर्षांमागे हा प्रश्न आला असता तर भवानीबाईंनी गूळ वाटला असता. आता त्यांच्या तोंडातली सुपारी एकदम कडू झाली. तसलं काही नसतं, त्या म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून हे निघालेलं ऐकून उठून आत गेल्या.

आयुधपूजेला चार दिवस होते तेव्हा वनजाने अळंबीचं शिकवणाऱ्या नरसिंहमूर्तींना बोलावलं. सुट्टी होती, संताजीही घरी होता. नरसिंहमूर्ती स्कूटरवरून आले, गंध लावलेला मऊ बोलणारा माणूस, कन्नडात बोलायचे. पडवीतली पिशवी बघून खूश झाले. तिच्या छिद्रांतून आता मोहरीएवढे करडे दाणे डोकावत होते. मग खोलीत गेले. एक पिशवी फाडली, ढलपी काढून नखाने खरवडली, नाकाशी नेली.

भवानीबाई स्वयंपाकघरात नारळ वाटत होत्या. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

हा साग आहे, नरसिंहमूर्ती म्हणत होते. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवी लागत नाही, पावसात सडत नाही. दारं-खिडक्यांना याच्यासारखं लाकूड नाही. पण अळंबीला आत शिरायला जागा लागते, आणि हे लाकूड कुणाला आत येऊ देत नाही. मग वनजाला म्हणाले, अम्मा, यात तुमच्या हातांचा काही दोष नाही.

वाटणारा हात थांबला. अंबाजीराव कधी चिडले की पाहुण्यांसमोर म्हणायचे, आमचं घर सागाच्या खांबावर उभं आहे. ते तेव्हा कौतुक म्हणून घेतलं होतं.

बाहेर वनजाचा आवाज चढला होता. गुंडेरावांनी नमुना आंब्याचा दिला आणि पोत्यांत वखारीचा उरलेला केर भरला, म्हणत होती. संताजीने स्कूटरची चावी उचलल्याचा आवाज आला. घरचा माणूस म्हणून विश्वास ठेवला, तो म्हणत होता, आज त्याच्या वखारीत चार लोकांसमोर विचारतो.

गुंडेराव काय करेल हे भवानीबाईंना दिसत होतं. तो बोलणार नाही. संताजी चार लोकांसमोर त्याला लबाड म्हणेल आणि तो जमिनीकडे बघत ऐकून घेईल, पण बापाच्या मित्राच्या बायकोचं नाव पुढे करणार नाही. बोलणारा असता तर बरं झालं असतं. मग आपल्यालाही भांडता आलं असतं.

त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

"संताजी, चावी ठेव."

"अव्वा, तू यात पडू नकोस."

"पडलेच आहे. आंबा मी परत पाठवला, साग मी मागवला. गुंडेराव नको म्हणत होता."

नरसिंहमूर्तींना मराठी येत नव्हतं, तरी ते आपल्या चपला शोधायला लागले. वनजाच्या हातात अजून ती ढलपी होती.

"का?" तिने विचारलं.

भवानीबाईंजवळ उत्तरं तयार असायची. आत्ताही तीनचार जिभेवर होती. माझं घर, माझी चूल, मला कोण विचारणार. त्यांनी ती गिळली.

"तुझ्या सासऱ्यांना ज्या लाकडावर ठेवलं, ते माझ्या चुलीवर मला उकळवेना," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या कामाला हलकं लाकूड घालायचं नव्हतं. सागापेक्षा चांगलं लाकूड मला माहीत नाही."

वनजाने हातातली ढलपी खाली ठेवली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. चिडलीही नाही, आणि तेच जड गेलं.

"फणसाच्या होत्या की, आत्याबाई," ती म्हणाली. "गुंडेरावांकडे फणसाचा ढीग पडलाय. तो आंब्याइतकाच चालतो. आंबा नको, एवढंच म्हणायचं होतंत."

एवढंच. भवानीबाईंनी ओले हात पदराला पुसले. नारळाचं दूध पदराला लागलं. आयुष्यात कुणाच्या पदराला डाग दिसला तर त्यांनी सांगितल्याशिवाय सोडलं नव्हतं.

वनजाने कन्नडात विचारल्यावर नरसिंहमूर्तींनी दारातून सांगितलं की फणसाच्या ढलप्या आज भिजत घातल्या तर पाच आठवड्यांत माल येईल. पाच आठवडे. दसरा पाच दिवसांवर आलेला. संताजीने खाली बघितलं, आणि भवानीबाईंना कळलं की मघाचं बोलणं सोपं होतं. चूक झाली म्हणायला एकदा धीर लागतो आणि ते होऊन जातं. पुढचं वाक्य जेवणाच्या त्या रात्रीपासून घशात होतं.

"मला बेंगळूरला जायचं नाही," त्या म्हणाल्या.

संताजी चमकला. "हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"अव्वा, तुला विचारायची सोय असते का?"

तो रागाने बोलला नव्हता. चाळिशी उलटलेल्या माणसाने, पुष्कळ वर्षं बाजूला ठेवलेली एखादी वस्तू पुढ्यात ठेवावी तसं बोलला होता. नाहीच सोय, भवानीबाई म्हणाल्या, आणि पाट्यावरचं वाटण तसंच राहिलं होतं म्हणून आत गेल्या.

चावी संताजीने ठेवली नाही. तो गेला गुंडेरावकडेच, आणि तासाभराने फणसाच्या तीन पोत्यांचा टेम्पो मागे घेऊन परत आला. येताना गुंडेरावला घेऊन आला होता. भवानीबाईंनी दोघांना कॉफी दिली. गुंडेरावला देताना, तुझं म्हणणं बरोबर होतं, असं म्हणाल्या. गुंडेरावच्या हातून बशीत कॉफी सांडली. काकींच्या तोंडून हे ऐकायची सवय वखारीत कुणाला नव्हती.

कंपनीला संताजीने दिवाळीनंतर पंधरा दिवसांपर्यंतची मुदत मागितली. दिली त्यांनी. पुढचं पुढे.

आयुधपूजेच्या दिवशी सगळ्या घरांप्रमाणे त्यांच्याही घरी हत्यारं मांडली गेली. भवानीबाईंच्या सासऱ्यांची तलवार, विळी, कात्री, संताजीची स्कूटर दारात. या खेपेला वनजाचा थर्मामीटर आणि उकडायचा हंडा. आणि भवानीबाईंचं खुरपं. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, धूप दाखवला. आज कुणी हत्याराला हात लावायचा नाही.

त्याच सकाळी पडवीतल्या पिशवीने फुलं पूर्ण उघडली होती. करडी, शिंपल्यासारखी, एकावर एक. वनजाने ती हातानेच पिरगाळून काढली, पाव किलोभर भरली असतील. ती ताटात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. ही आंब्यावरची आहेत आत्याबाई, म्हणाली, नागरत्नाकडे देऊन टाकू का?

भवानीबाईंनी ताट घेतलं. अंबाजीराव चामुंडीच्या डोंगराच्या पायथ्याहून, वारुळांवरून, टॉवेलात बांधून असली अणबी आणायचे. बायको नाक मुरडायची, पण करून वाढायची. मिरी, कांदा, ओलं खोबरं. ते बोटं चाटून खायचे आणि म्हणायचे, तू एकदा खा. त्यांनी एकदाही खाल्ली नव्हती.

त्यांनी हातानेच ती तोडली, मिरी-खोबऱ्यात परतली आणि चौघांची पानं वाढली. चौथं पान अंबाजीरावांच्या तसबिरीपुढे ठेवलं. मग बसून पहिला घास स्वतः घेतला. वनजा बघत होती.

"मीठ कमी पडलं," भवानीबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलली. त्यांनी खुरपं घेतलं, पदर खोचला आणि मागे गेल्या. बुंध्यावर रात्रीच्या पावसाने छत्र्या उगवल्या होत्या, करड्या, विषारी की कसल्या कोण जाणे, खाण्याच्या नव्हत्या. भवानीबाईंनी त्यांना खुरपं लावलं नाही. मग वळून फणसाच्या तिसऱ्या पोत्यातल्या, सकाळीच भिजत घातलेल्या ढलप्यांच्या पिंपाशी आल्या. त्या पिवळ्याधमक भिजल्या होत्या आणि वरच्या कोरड्याच तरंगत होत्या.

"वनजा," त्यांनी आत हाक मारली, "या वरच्या खाली दाबायच्या का गं?"

आतून होय आलं. भवानीबाईंनी खुरप्याने ढलप्या पाण्याखाली दाबायला सुरुवात केली.